फाळके, धुंडिराज गोविंद

फाळके, धुंडिराज गोविंद : (३० एप्रिल १८७०–१६ फेब्रुवारी १९४४). भारतीय मूकपटांचे आद्य निर्माते व दिग्दर्शक. ‘दादासाहेब फाळके’ ह्या नावाने सर्वत्र परिचित. जन्म नासिक (नाशिक) जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे. वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान, तर आई द्वारकाबाई ह्या सुगृहिणी. घरातील वेदशास्त्र, पुराणकथा व धार्मिक विधी ह्यांचे संस्कार फाळके ह्यांच्यावर बालवयातच झाले. पुढे त्यांनी चित्रपटांसाठी जी कथानके निवडली, त्यांचे मूळ ह्या संस्कारांत शोधावे लागते. दाजीशास्त्री संस्कृतच्या अध्यापनासाठी मुंबईस गेल्यावर कुटुंबही तेथे स्थायिक झाले.

शिक्षण व पूर्वायुष्य : चित्रकलेकडे ओढा असल्यामुळे फाळके ह्यांनी १८८५ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला. नंतर वडील बंधूंबरोबर ते बडोद्यास गेले. तेथील कलाभवन ही संस्था त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर ह्यांच्या नेतृत्वाखाली कलेला उद्योगाची व रसायनशास्त्राची जोड देत होती. कलाभवनात फाळके ह्यांनी जलरंग व तैलरंगांतील चित्रण, वास्तुकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण ह्यांचा अभ्यास केला. आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. रतलाम येथे त्यांनी त्रिरंगी ठसे तयार करण्याची व प्रकाशशिलामुद्रणाची प्रक्रिया आत्मसात केली. काही काळ त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला, पण प्लेगच्या साथीत पत्नी व मूल दगावल्यामुळे त्यांना तेथून निघावे लागले. जादूचे खेळही ते शिकले व आपल्या आडनावातील अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ ह्या नावाने त्याचे प्रयोग करीत. रंगभूमीची नेपथ्यरचना, छायाचित्रण, रसायने, मुद्रण आणि जादू ही त्या वेळी परस्परांशी असंबद्ध वाटणारी कौशल्ये पुढे एकाच धंद्यात उपयोगी पडावयाची होती.

त्यांचा दुसरा विवाह १९०२ मध्ये झाला. ह्या पत्नी सरस्वतीबाई पुढे त्यांच्या सर्व उद्योगांत सहभागी झाल्या. १९०३ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तथापि वंगभंगानंतरच्या स्वदेशी चळवळीच्या प्रभावामुळे सरकारी नोकरीत त्यांचे मन रमेना. नोकरी सोडून त्यांनी लोणावळा येथे ठसे व मुद्रण ह्यांचा कारखाना काढला. राजा रविवर्मा ह्यांच्या मुद्रणालयासाठीही ते काम करीत. पुढे हा कारखाना दादर येथे हलविण्यात येऊन ‘लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स’ ह्या नावाने नावारूपास आला. रंगीत मुद्रणाची नवी यंत्रे आणण्यासाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले. धंदा भरभराटीस आला असतानाच भागीदारांशी त्यांचे मतभेद झाले व वयाच्या चाळिशीत त्यांनी हा व्यवसाय सोडला. कारागिराने उभारलेला धंदा भांडवलदाराच्या हाती जाण्याचा हा त्यांचा पहिला अनुभव होता.

चित्रपटाकडे : भारतात चलच्चित्रे प्रथम ७ जुलै १८९६ रोजी मुंबईतील वॉटसन हॉटेलात दाखविली गेली. ती फ्रान्समधील ल्युम्येअर बंधूंची होती. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा ह्यांनी कुस्तीसारख्या प्रसंगांची छोटी चित्रणे केली. मात्र कथापट परदेशांतूनच येत. १९१०–११ च्या सुमारास गिरगावातील अमेरिका–इंडिया चित्रगृहात फाळके ह्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. ख्रिस्तचरित्रावरील मोठे फ्रेंच मूकपट त्या काळी अनेक देशांत दाखविले जात. पाते कंपनीने फेर्दिनां झेका ह्याच्या दिग्दर्शनाखाली असा एक पट काढला होता, तर गोमाँ कंपनीसाठी अलिस गी ह्या दिग्दर्शिकेने १९०६ मध्ये दुसरा काढला होता. पडद्यावर ख्रिस्ताच्या लीला पाहताना राम व कृष्ण ह्यांची चरित्रे अशीच दाखविता येतील, हा विचार फाळके ह्यांच्या मनात आला आणि दृढ झाला. ‘नवयुग’ मासिकात १९१७–१८ मध्ये लिहिलेल्या लेखमालेत त्यांनी स्वतःच ही हकीकत सांगितली आहे. पुराणकथेची आवड आणि आपल्या देशाची चित्रे आपल्याच माणसांनी तयार करावीत हा स्वदेशीचा आग्रह, ह्या दोन्ही गोष्टी त्या निश्चयामागे होत्या.

पुढील काही महिने त्यांनी मिळेल तो चित्रपट पाहण्यात व उपलब्ध साहित्यावर प्रयोग करण्यात घालविले. अपुरी झोप व सततचा ताण ह्यांमुळे त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली होती. उपचारांनंतर ती परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी कर्ज काढले व १ फेब्रुवारी १९१२ रोजी इंग्लंडला प्रयाण केले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना साहाय्य केले आणि सेसिल हेपवर्थ ह्या निर्मात्याने वॉल्टन येथील आपल्या कलागृहातील कामकाज त्यांना दाखविले. विल्यम्सन बनावटीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र त्यांनी खरीदले, कच्च्या फिल्मची मागणी नोंदविली आणि एप्रिलच्या आरंभी ते मुंबईस परतले.

भांडवल मिळविण्यासाठी प्रथम त्यांनी एक लघुपट तयार केला. कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या दाण्याचे ठरावीक अंतराने एकेक चित्र घेऊन त्यांनी अंकुर फुटण्यापासून वेल वाढेपर्यंतची क्रिया सुमारे एका मिनिटात पडद्यावर दाखविली. अनेक दिवसांचा काळ असा संक्षेपाने दाखविता येतो, हे पाहून धनिकांचा विश्वास बसला व कर्ज मिळाले. तारण म्हणून सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले.

‘राजा हरिश्चंद्र’ : पहिल्या कथापटासाठी त्यांनी हरिश्चंद्राची कथा घेतली. मूकपटात संवाद नसल्यामुळे प्रेक्षकाला आधीपासून ठाऊक असलेली कथा सोयीची होती. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही स्मशानातील राजा पाहताच प्रसंगाचा अर्थ कळे. साक्षरांसाठी मध्ये मध्ये हिंदी व इंग्रजी शीर्षके घातली होती. दादरच्या मुख्य रस्त्यावरील ‘मथुरा भवन’ ह्या बंगल्याच्या आवारात कलागृह उभारण्यात आले. दत्तात्रय दामोदर दाबके ह्यांनी हरिश्चंद्राची व गजानन वासुदेव साने ह्यांनी विश्वामित्राची भूमिका केली. रोहिदासाच्या भूमिकेत फाळके ह्यांचा मुलगा भालचंद्र होता. छायालेखनाचे काम त्र्यंबक तेलंग ह्यांनी केले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, कारण चित्रपटात काम करणे हलके समजले जाई. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके ह्या तरुणाला ती भूमिका देण्यात आली. चित्रपटाच्या धंद्याला समाजात नाव नसल्यामुळे आपण ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत’ काम करतो असे लोकांना सांगावे, अशी सूचना फाळके ह्यांनी आपल्या माणसांना दिली होती.

ही ‘फॅक्टरी’ हा शब्द शब्दशः खरा होता. कच्ची फिल्म छिद्रांवाचून येत असल्याने अंधारात बसून तिला यंत्रावर छिद्रे पाडावी लागत. छिद्रांत थोडेही अंतर पडले, तर पडद्यावरील चित्र थरथरे. चित्रण सूर्यप्रकाशातच होई व छाया सौम्य करण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून प्रकाश परावर्तित केला जाई. कॅमेरा हाताने फिरवावयाचा असल्याने फिरविणाऱ्याच्या हाताच्या वेगावर पडद्यावरील हालचालीची गती अवलंबून असे. रात्री फिल्म धुणे, वाळविणे, तपासणे व जोडणे ही कामे घरातच चालत. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत, दिवसा चादरी धरीत आणि रात्री छिद्रे पाडण्याचे व रसायनांचे काम पाहत. भारतीय चित्रपटाच्या तांत्रिक इतिहासात त्यांचे नाव पतीच्या बरोबरीने घेणे न्याय्य ठरेल.

सुमारे सात महिन्यांत चित्रण पुरे झाले. तयार पट चार रिळांचा, सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. ३५ मिमी. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात व मूकपट साधारणपणे सेकंदाला सोळा चित्रे ह्या गतीने दाखवीत. म्हणजे सेकंदाला एक फूट फिल्म पुढे सरके व हा पट सुमारे तासाभराचा होई. ५७,००० छायाचित्रांचा व दोन मैल लांबीचा खेळ अशी त्याची पुढे जाहिरात झाली. त्यांतील चित्रसंख्या हिशेबाला धरून आहे, मैलांचा आकडा मात्र व्यापारी अतिशयोक्तीचा. निमंत्रितांसाठी २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रगृहात खेळ झाला व ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो सर्वांसाठी प्रदर्शित करण्यात आला. प्रेक्षकांनी त्याचे उत्साहाने स्वागत केले.

ह्यापूर्वी १८ मे १९१२ रोजी त्याच चित्रगृहात रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे ह्यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखविण्यात आला होता. त्यामुळे आद्यत्वाच्या मानाविषयी वाद आहे. ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होते, त्याचा छायालेखक इंग्रज होता व त्यावरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली होती. ‘राजा हरिश्चंद्र’ची पटकथा, अभिनय, चित्रण, धुलाई व संकलन ही सर्व कामे भारतीयांनी भारतातच केली. ह्या भेदामुळे पहिला पूर्ण भारतीय कथापट म्हणून बहुतेक इतिहासकार ‘राजा हरिश्चंद्र’चा निर्देश करतात. तथापि तोरणे ह्यांच्या प्रयत्नाचे ऐतिहासिक मोल त्यामुळे कमी होत नाही.

नासिक येथील कार्य : १९१३ मध्येच फाळके ह्यांनी आपला कारखाना नासिकला हलविला. गोदावरीचे घाट, प्राचीन मंदिरे, वाडे, डोंगर व मोकळा परिसर पौराणिक चित्रणास अनुकूल होता आणि मुंबईच्या मानाने खर्चही कमी होता. येथे ‘मोहिनी भस्मासुर’ हा दुसरा पट तयार झाला. त्यात दुर्गाबाई कामत ह्यांनी पार्वतीची व त्यांची कन्या कमलाबाई (नंतरच्या गोखले) ह्यांनी मोहिनीची भूमिका केली. भारतीय कथापटांतील ह्या पहिल्या स्त्री-कलावंत होत. ह्या पटासोबत ‘पिठाचे पंजे’ हा विनोदी लघुपट दाखवीत. त्यानंतर ‘सत्यवान सावित्री’ (१९१४) आला.

हे तीन पट घेऊन फाळके १९१४ मध्ये पुन्हा इंग्लंडला गेले. तेथील जाणकारांनी त्यांच्या तांत्रिक कौशल्याची प्रशंसा केली व हेपवर्थ ह्याने तेथे राहून चित्रपट काढण्याविषयी सुचविले. मायदेशी धंदा उभारावयाचा असल्यामुळे फाळके ह्यांनी नकार दिला. तेवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. कच्ची फिल्म दुर्मिळ व महाग झाली, कर्ज देणाऱ्यांनी हात आखडले व काम जवळजवळ थांबले. ह्या काळात त्यांनी लघुपट काढले. आगपेटीतील काड्यांच्या हालचाली दाखविणारा ‘आगकाड्यांची मौज’ हा पट भारतातील सजीवीकरणाच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी होय. आपल्या कारखान्यातील प्रक्रिया समजावून देणारा ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपटही त्यांनी काढला. बोधपट, वार्तापट, प्रवासपट ह्या प्रकारांचा पाया त्यांनी अशा रीतीने घातला.

१९१७ मध्ये पुण्याच्या आर्यन चित्रगृहात प्रदर्शित झालेल्या ‘लंकादहन’ने त्यांना अपूर्व यश दिले. अण्णा साळुंके ह्यांनी त्यात राम व सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडीत. ह्या यशाने भांडवलदारांचे लक्ष वेधले. १९१८ च्या आरंभी वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट आदी भागीदारांसह नासिक येथे ‘हिंदुस्थान फिल्म कंपनी’ स्थापन झाली व फाळके तिचे कार्यकारी भागीदार झाले. सुमारे शंभर माणसांचा हा कारखाना एकत्र कुटुंबासारखा चाले. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) व ‘कालिया मर्दन’ (१९१९) हे कंपनीचे आरंभीचे गाजलेले पट. दोहोंत बालकृष्णाची भूमिका फाळके ह्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. कंसाचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाते व पुन्हा जागेवर येते, हा ‘श्रीकृष्णजन्मा’तील भास त्यांच्या युक्तिचित्रणाचा उत्तम नमुना आहे. कॅमेरा थांबवून वस्तू बदलणे, भिंगाचा काही भाग झाकणे व एकाच फिल्मवर दोनदा प्रकाश पाडणे, ह्या क्रियांवर असे चमत्कार आधारलेले असत.

भागीदारांना खर्च आटोपशीर व उत्पन्न नियमित हवे होते, तर फाळके ह्यांना मनासारखे दृश्य साधेपर्यंत काळ व पैसा ह्यांची गणती नको होती. परिणामी मतभेद विकोपास गेले व कंपनी सोडून ते सहकुटुंब काशीस गेले. तेथे त्यांनी मराठी नाट्यव्यवसायावर टीका करणारे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. ते मोठे असले तरी प्रयोगास फारसे यश आले नाही. १९२२ मध्ये ते कंपनीत परतले, पण आता ते मालक नव्हते, तर पगारी दिग्दर्शक होते. ‘संत नामदेव’, ‘गुरु द्रोणाचार्य’, ‘जरासंध वध’ इ. अनेक पट त्यांनी ह्या काळात दिले. चित्रपटव्यवसायाच्या स्थितीचा विचार करण्यासाठी नेमलेल्या रंगाचारियर समितीपुढे (१९२७–२८) त्यांनी आपले विचार मांडले.

उत्तरायुष्य : विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बाबूराव पेंटर ह्यांनी कोल्हापूरला सामाजिक व ऐतिहासिक विषयांना हात घातला आणि वास्तव नेपथ्य व अभिनय ह्यांची अपेक्षा वाढली. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला. पुढल्याच वर्षी प्रभात कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट काढला. त्याची कथा हरिश्चंद्राचीच होती, पण आता हरिश्चंद्र बोलू व गाऊ लागला होता. फाळके ह्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून पूर्ण झाला व त्याला नंतर ध्वनीची जोड द्यावी लागली. हिंदुस्थान फिल्म कंपनीही ह्याच सुमारास बंद पडली. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी काढलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा मूळातच बोलपट म्हणून केलेला त्यांचा एकमेव व अखेरचा चित्रपट होय. त्यानंतर त्यांचे वास्तव्य नासिकलाच होते. वयोमान, आर्थिक ओढाताण व विस्मृती ह्यांत त्यांची अखेरची वर्षे गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रपटनिर्मितीवर परवान्यांचे नियंत्रण आले असताना त्यांनी आणखी एका चित्रपटासाठी परवाना मागितला होता, पण तो मिळाला नाही. नासिक येथेच त्यांचे निधन झाले.

कार्याचे मूल्यमापन : फाळके ह्यांची तुलना अनेकदा झॉर्झ मेल्येस (१८६१–१९३८) ह्या फ्रेंच मूकपट-दिग्दर्शकाशी केली जाते. दोघेही जादूगार होते व कॅमेऱ्यातील युक्ती हे जादूचेच नवे रूप आहे, हे दोघांनी ओळखले. मेल्येसने पॅरिसजवळील माँत्र्य येथे काचेचे कलागृह उभारले आणि नेपथ्यापासून अभिनयापर्यंत सर्व कामे स्वतः केली. पुढे मोठ्या कंपन्यांच्या स्पर्धेत तो दिवाळखोर झाला व रेल्वेस्थानकावर खेळणी विकण्याची पाळी त्याच्यावर आली. साम्य येथे संपते. मेल्येसला चमत्काराचे आकर्षण चमत्कारासाठी होते. फाळके ह्यांचा चमत्कार श्रद्धेच्या विषयाशी निगडित होता व प्रेक्षक त्याकडे दर्शन म्हणून पाहत. शिवाय मेल्येसच्या हाताशी यंत्रे, कारागीर व बाजारपेठ असलेला देश होता. फाळके ह्यांना कारागीर घडवावे लागले आणि बाजारपेठही निर्माण करावी लागली.

त्यांच्या कलेला मर्यादा होत्या. कॅमेरा बहुधा स्थिर असे, पात्रे रंगमंचावरच्याप्रमाणे प्रेक्षकांसमोर येत व समकालीन जीवनाला त्यांच्या कथापटांत फारसे स्थान नव्हते. धंद्याच्या व्यवहारात ते हिशेबी नव्हते. तथापि परदेशी पटांनी व्यापलेल्या चित्रगृहांत देशी चित्रपट चालू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले आणि यंत्र परदेशी असले तरी विद्या स्वाधीन करून घेता येते हे दाखविले. सुमारे पाव शतकाच्या काळात त्यांच्या नावावर सुमारे ९५ चित्रपट व २५ हून अधिक लघुपट सांगितले जातात.

ह्या प्रचंड निर्मितीपैकी फारच थोडा भाग शिल्लक आहे. त्या काळची फिल्म नायट्रेटची असल्यामुळे ती लवकर पेट घेई व दमट हवेत कुजे. त्यातच खेळ संपलेल्या पटाला पुढे काही मोल राहत नसे. पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने (स्थापना १९६४) फाळके कुटुंबीय व अन्य ठिकाणांहून अवशेष मिळवून त्यांच्या सुरक्षित प्रती केल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली व शेवटची रिळे तेथे आहेत. मात्र ती १९१३ ची नसून १९१७ मध्ये नव्याने चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ‘कालिया मर्दन’ बव्हंशी सुरक्षित आहे. ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’ आदींचे काही तुकडेच उरले आहेत. त्यामुळे फाळके ह्यांच्या कलेविषयीचे पुष्कळसे निष्कर्ष समकालीन वर्णने व त्यांचे लेख ह्यांवरच आधारावे लागतात.

चित्रपटक्षेत्रातील आजीव कार्याबद्दल भारत सरकारने १९६९ पासून दादासाहेब फाळके पुरस्कार सुरू केला. त्याचा पहिला मान देविकाराणी ह्यांना मिळाला. १९७१ मध्ये फाळके ह्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढण्यात आले. मुंबईतील गोरेगावच्या चित्रनगरीस त्यांचे नाव दिलेले आहे, तर नासिक येथे पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. ‘राजा हरिश्चंद्र’च्या निर्मितीची कथा परेश मोकाशी ह्यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) ह्या मराठी चित्रपटात मांडली. ३ मे २०१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’च्या प्रदर्शनास शंभर वर्षे पूर्ण झाली व तोच दिवस भारतीय चित्रपटाच्या शताब्दीचा मानण्यात आला.